दोघांचं मैदान

व्हॉलीबॉल पाहणाऱ्याला स्मॅश दिसतो. खेळणाऱ्याला मात्र ठाऊक असतं, की सामना बहुतेक वेळा त्याच्या आधीच, सर्व्हिस उचलताना, हातातून गेलेला किंवा हातात आलेला असतो. चुन्याच्या रेघा मारलेल्या कुठल्याही गावच्या मैदानावर हे दृश्य दिसतं. सर्व्हिस दोघांच्या मधोमध येते, दोघं एकमेकांकडे बघतात आणि बॉल त्यांच्या पायांशी पडतो. मग ‘तुझा होता, तुझा होता’ सुरू होतं.

सत्तरच्या दशकात जगातल्या मोठ्या संघांनी या अडचणीवर शोधलेला उपाय साधा होता. शक्य तितकी माणसं सर्व्हिस उचलायला उभी करायची. लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल वर देणारा खेळाडू, सोडून उरलेले पाच जण इंग्रजी ‘डब्ल्यू’च्या आकारात मैदानभर पसरत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी जागा येई. १९८१च्या सुमारास अमेरिकेचे प्रशिक्षक डग बील यांनी नेमकं उलटं केलं. सर्व्हिस उचलायची फक्त दोघांनी, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, असं त्यांनी ठरवलं. एक्याऐंशी चौरस मीटरचं अर्धं मैदान दोन माणसांवर सोपवणं तेव्हा वेडेपणाचं वाटलं असेल. बील यांनी निवडलेल्या त्या दोघांपैकी एक होता आल्डिस बर्झिन्स. दुसरा होता विशीतला, सोनेरी केसांचा, सव्वासहा फुटांपेक्षा थोडा कमी उंचीचा कार्च किराय.

किरायची गोष्ट सहसा एका ओळीत सांगितली जाते. बंदिस्त स्टेडियममधल्या सहा जणांच्या व्हॉलीबॉलमध्ये १९८४ आणि १९८८ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं, मग खेळ बदलून बीच व्हॉलीबॉल, आणि तिथे १९९६मध्ये तिसरं सुवर्ण. दोन्ही प्रकारांत ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारा तो एकमेव खेळाडू आहे. ही ओळ खरीच आहे. पण ‘मैदान सोडून वाळूत गेला’ हा तिच्यातला क्रम मला पटत नाही. तो वाळूतूनच आला होता. वाळूत शिकलेली विद्या त्यानं आधी मैदानात नेली, तिथला खेळ बदलला, आणि मग घरी परतला. त्याच्या कारकिर्दीतलं मोठेपण मला या फेऱ्यात दिसतं.

त्याचे वडील लास्लो किराय मूळचे हंगेरीचे. तिथल्या ज्युनिअर राष्ट्रीय संघातून ते व्हॉलीबॉल खेळले होते. १९५६मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतला उठाव चिरडला तेव्हा हजारो तरुणांनी देश सोडला, त्यांत तेही होते. अमेरिकेत ते डॉक्टर झाले. कार्चचा जन्म ३ नोव्हेंबर १९६०चा, मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावचा. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात सांता बार्बराला आलं आणि समुद्र दाराशी आला. वडिलांनी मुलाला सहाव्या वर्षापासून बॉल हाताळायला शिकवलं. अकराव्या वर्षी कोरोना देल मारच्या किनाऱ्यावर बाप-लेक जोडीनं स्पर्धेत उतरले. समोर सगळी मोठी माणसं होती. मैदान मोठ्यांचं, नेट मोठ्यांची, आणि त्या पोरावर अर्ध्या मैदानाची जबाबदारी.

त्या वाळूचा कायदाच असा, की कोणाला लपता येत नाही. सहा जणांच्या संघात सर्व्हिस उचलण्यात कच्चा असलेला उंच मुलगा नेटजवळ उभा राहून स्मॅश मारत आयुष्य काढू शकतो. दोघांच्या खेळात पहिली सर्व्हिस त्याच्यावरच येते, दुसरीही आणि तिसरीही. प्रतिस्पर्ध्यानं एकदा कच्चा भिडू हेरला, की सामना संपेपर्यंत त्याची सुटका नसते. सर्व्हिस उचलायची, जोडीदारानं दिलेला बॉल मारायचा, नाही तर त्यानं उचललेल्या बॉलला आपण लिफ्ट द्यायची, मग मागे पळून बचाव करायचा, असं सगळंच करावं लागतं. त्या काळी बीचचं मैदान आतल्या मैदानाएवढंच, म्हणजे अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद होतं. आपल्या बाजूचं अर्धं मैदान सहा जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतेरा चौरस मीटर येतात, दोघांत वाटलं तर साडेचाळीस. पायाखाली पळू न देणारी वाळू, डोळ्यांवर ऊन आणि बॉलची दिशा बदलणारा वारा. तिथे वाढलेल्या मुलाला बील यांची ‘वेडी’ योजना नवी वाटण्याचं कारणच नव्हतं. दोघांनी मैदान राखायचं असतं, हे तो अकराव्या वर्षापासून पाहत आला होता.

मधल्या काळात तो लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये होता. तिथे ॲल स्केट्स या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली चार वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि जीवरसायनशास्त्राची पदवीही. विद्यापीठातला त्याचा सोबती सिंजिन स्मिथ हाच वाळूतला जोडीदार. पण स्मिथ राष्ट्रीय संघात रमला नाही. त्यानं वाळू निवडली आणि पुढे रँडी स्टोक्लॉसबरोबर बीच व्हॉलीबॉलमधली दंतकथा होऊन गेला. किराय मात्र आत गेला. दोन मित्रांचे रस्ते इथे फुटले, आणि १९९६च्या ऑलिम्पिकमध्ये ते एकाच नेटच्या दोन बाजूंना उभे राहिले.

किराय राष्ट्रीय संघात आला तेव्हा, १९६८नंतर अमेरिकेचा पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये खेळलाही नव्हता. व्हॉलीबॉल अमेरिकेतच जन्मला, १८९५मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन यांनी तो शोधला, आणि तोच देश त्या खेळात मागे पडला होता. बील यांनी सॅन दिएगोत बारमाही प्रशिक्षण केंद्र उभं केलं. खेळाडूंना हिवाळ्यात यूटाच्या बर्फाळ डोंगरांत पाठीवर ओझी देऊन आठवडेच्या आठवडे चालवलं. त्या भटकंतीची चर्चा फार होते. माझ्या मते या संघाचा खरा शोध मैदानावरच लागला, आणि तो होता दोघांचा स्वागत-पट, म्हणजे दोघांनीच सर्व्हिस उचलण्याची रचना. सर्व्हिस उचलण्यातून आणखी तीन जण मोकळे झाल्याबरोबर स्मॅशर बॉल येण्याआधीच धाव सुरू करू लागले. मधून निघून कडेला, कडेवरून मध्ये असे वळसे घेत त्यांनी समोरच्या ब्लॉकची दिशाभूल सुरू केली. किराय आणि बर्झिन्स बॉल लिफ्टरच्या डोक्यावर नेमका आणून देत, म्हणून बाकीची नक्षी जमत होती.

१९८४ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉलचे सामने लाँग बीचला झाले. ब्राझीलनं गटात अमेरिकेला सरळ हरवलं होतं. उडी मारून मारायची सर्व्हिस त्या ब्राझील संघानं जगाला दाखवली, आणि त्यातल्याच बर्नार्डची आकाशात उंच जाऊन खाली कोसळणारी सर्व्हिस तर प्रेक्षकांचं वेगळंच आकर्षण होती. ती मूळची वाळूतली युक्ती, पण ब्राझीलच्या किनाऱ्यावरची. अंतिम सामन्यात मात्र अमेरिकेनं त्याच संघाला ३-० हरवलं. किराय तेवीस वर्षांचा होता. सोव्हिएत गटाच्या बहिष्कारामुळे या सुवर्णावर शंका घेतल्या गेल्या. त्या शंका संघानं पुढच्या चार वर्षांत एकेक करून मिटवल्या. १९८५मध्ये विश्वचषक, १९८६मध्ये जागतिक अजिंक्यपद आणि १९८८मध्ये सोलला, किराय कर्णधार असताना, सोव्हिएत संघालाच ३-१ हरवून दुसरं ऑलिम्पिक सुवर्ण.

इथे आपल्या वाचकांना एक नाव आठवेल. १९८६च्या सोल आशियाई स्पर्धेत भारतानं व्हॉलीबॉलमध्ये कांस्य मिळवलं, त्या संघातला केरळचा जिमी जॉर्ज. तो इटलीतल्या क्लबांकडून व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळणारा खेळाडू होता, आणि नोव्हेंबर १९८७मध्ये इटलीतच मोटार अपघातात गेला. बत्तीस वर्षांचा होता. किराय तीन वर्षांनी त्याच इटालियन लीगमध्ये दाखल झाला. त्या लीगचं त्या काळातलं महत्त्व कळलं, की जिमी जॉर्जनं एकट्यानं केवढी मजल मारली होती हेही कळतं.

किरायनं १९८९मध्ये राष्ट्रीय संघ सोडला. अठ्ठावीस वर्षांचा, जगातला सर्वोत्तम म्हणून नावाजलेला, दोन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकलेला खेळाडू. तो गेला आणि १९९२ला बार्सिलोनात अमेरिका कांस्यावर आली. त्यानं का सोडलं, याचं एक कारण अगदी रोकडं आहे. अमेरिकेत सहा जणांच्या व्हॉलीबॉलची धड व्यावसायिक लीगच नव्हती. पोट भरायचं तर इटलीला जायचं किंवा वाळूत उतरायचं. १९९० ते १९९२ त्यानं दोन्ही केलं. हिवाळ्यात रावेन्नाच्या इल मेसाजेरो क्लबकडून स्टीव्ह टिमन्सबरोबर खेळायचं, उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर. रावेन्नानं या काळात इटलीचं विजेतेपद, क्लबांचं जागतिक अजिंक्यपद आणि युरोपीय चषक जिंकला. मग त्यानं आतला खेळ थांबवला.

तिकडे वाळूतही जग बदललं होतं. बीच व्हॉलीबॉलच्या खेळाडूंनी १९८३मध्ये स्वतःची संघटना बांधली होती, असोसिएशन ऑफ व्हॉलीबॉल प्रोफेशनल्स, थोडक्यात एव्हीपी. १९८४मध्ये रेडोंडो बीचच्या स्पर्धेत या खेळाडूंनी संप केला. आयोजक आणि प्रायोजक जो पैसा कमावतात त्यात आमचा वाटा काय आणि नियम ठरवताना आमचं म्हणणं कोण ऐकणार, असा त्यांचा सवाल होता. त्या संपानंतर दौरा खेळाडूंच्या हाती आला, बक्षिसांचे आकडे वाढले, टीव्हीवर सामने दिसू लागले. किराय ज्या वाळूत पूर्णवेळ परतला ती या लोकांनी भांडून मिळवलेली होती, आणि हे श्रेय स्मिथसारख्यांना द्यायलाच हवं.

आतून बाहेर येणाऱ्या खेळाडूला काय काय मोडून पुन्हा बांधावं लागतं, हे पाहण्यासारखं आहे. वाळूत उडी कमी भरते. लाकडी फळीवर पाय आपटून मिळणारी उसळी वाळू गिळून टाकते, म्हणून धाव छोटी करावी लागते आणि उडी सरळ वर घ्यावी लागते. बॉल थोडा मोठा आणि हवेला कमी भरलेला असतो, त्यामुळे वारा त्याला हलवतो. बोटांनी अलगद टाकलेला ‘डिंक’ वाळूत चालत नाही, बॉल बोटांच्या पेरांनी किंवा तळव्याच्या कडेनं ठोकावा लागतो. बोटांच्या लिफ्टवर पंचांची नजर इतकी कडक असते, की अनेक जण लिफ्टसुद्धा हात जोडूनच देतात. ब्लॉकला लागलेला बॉल तीन स्पर्शांत मोजला जातो. बदली खेळाडू नाही. त्या काळी सामना चालू असताना प्रशिक्षकाला बाजूला बसून सूचना देता येत नसत. जोडीदार पाठीमागे बोटांनी खूण करतो, एक बोट म्हणजे सरळ रेषेचा ब्लॉक, दोन म्हणजे तिरक्याचा. मागच्यानं उरलेलं सगळं मैदान राखायचं. वारा कुठल्या बाजूनं आहे, ऊन कोणाच्या डोळ्यांवर आहे, हे ओळखून डाव बदलायचा तोही या दोघांनीच.

किरायचा या खेळातला जोर अचूकपणात होता. त्याच्यापेक्षा उंच, त्याच्यापेक्षा जोरात मारणारे पुष्कळ होते. तो सर्व्हिस घेण्याच्या जागी प्रत्येक वेळी बॉलच्या आधी पोहोचलेला असे, आणि त्याचा पास जोडीदाराला शोधावा लागत नसे. बीच व्हॉलीबॉलमध्ये जोडीदाराला चालावं लागू नये, ही केवढी चैन आहे हे वाळूत दोन तास पळालेल्यालाच समजेल. केंट स्टेफिस हा त्याच्यापेक्षा सुमारे आठ वर्षांनी लहान, उंच आणि बिनधास्त बोलणारा खेळाडू त्याचा जोडीदार झाला. १९९२मध्ये या जोडीनं सलग तेरा स्पर्धा जिंकल्या. शांत किराय आणि तापट स्टेफिस मित्र म्हणून गाजले नाहीत, पण जोडी म्हणून त्यांना तोड नव्हती. किरायच्या डोक्यावरची गुलाबी टोपी याच काळात किनाऱ्याकिनाऱ्यावर ओळखीची झाली.

बीच व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं ते १९९६ला अटलांटात, आणि सामने झाले जोन्सबरो गावात. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. वाळू आणून किनारा तयार केला होता. स्पर्धेआधी अमेरिकेत निवडीवरून मोठा वाद झाला. एव्हीपीचे खेळाडू आपल्या देशातल्या दौऱ्यावर खेळत, तर आंतरराष्ट्रीय महासंघाचा दौरा वेगळा होता. सिंजिन स्मिथनं महासंघाची वाट धरली होती. अमेरिकेच्या तीन जागांपैकी एक महासंघाच्या क्रमवारीतून भरली गेली आणि ती स्मिथ आणि कार्ल हेंकेल यांना मिळाली. उरलेल्या दोन जागांसाठी बाकीच्या दिग्गजांना बाल्टिमोरच्या निवड स्पर्धेत झुंजावं लागलं. एव्हीपीच्या गोटात यावर संताप होता. किराय-स्टेफिस आणि माइक डॉड-माइक व्हिटमार्श या जोड्या निवडल्या गेल्या.

आणि जोन्सबरोत समोरासमोर आले ते नेमके किराय आणि स्मिथ. एक पस्तिशीचा, दुसरा एकोणचाळिशीचा. यूसीएलएचे सोबती, कधी काळचे जोडीदार, आता दोन वेगळ्या गोटांचे चेहरे. त्या सामन्याचा गुणफलक होता १७-१५. किराय-स्टेफिस जिंकले. संपूर्ण स्पर्धेतला सगळ्यांत लक्षात राहिलेला सामना हाच, अंतिम सामना नव्हे. स्मिथ-हेंकेलना आयती जागा मिळाली म्हणणाऱ्यांना त्या १५ गुणांनी उत्तर दिलं, हे नमूद करायला हवं. २८ जुलैच्या अंतिम सामन्यात किराय-स्टेफिसनी डॉड-व्हिटमार्शला १२-५, १२-८ असं सहज नमवलं.

महिलांमध्ये त्याच वाळूवर पहिलं सुवर्ण जिंकलं ब्राझीलच्या जॅकी सिल्वानं, सांड्रा पिरेसबरोबर. जॅकीही आतल्या मैदानातून आलेली. १९८० आणि १९८४ची ऑलिम्पिकं ती ब्राझीलच्या संघाकडून लिफ्टर म्हणून खेळली होती, मग संघटनेशी बिनसलं आणि ती अमेरिकेच्या किनाऱ्यांवर जाऊन खेळू लागली. ब्राझीलच्या महिलांचं कुठल्याही खेळातलं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण होतं. किरायच्या झगमगाटात ही कहाणी झाकली जाते. तिच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

यापुढचा काळ उतरणीचा असायला हवा होता. एव्हीपी १९९८मध्ये दिवाळखोरीत गेली. १९९९मध्ये किरायनं ॲडम जॉन्सनच्या साथीनं स्मिथचा एकशे एकोणचाळीस विजेतेपदांचा विक्रम मागे टाकला, पण २०००च्या सिडनी ऑलिम्पिकला तो पोहोचू शकला नाही. मग २००१मध्ये दौऱ्यावर नियमच बदलले. मैदान सोळा बाय आठ मीटरचं झालं. पूर्वी आपल्या सर्व्हिसवरच गुण मिळे, आता प्रत्येक चेंडूला गुण मिळू लागला. लहान मैदानात उंच ब्लॉकरचं राज्य आलं, आणि जुन्या पद्धतीत तासन् तास दमवून जिंकणाऱ्यांची सद्दी संपली. चाळिशीतल्या माणसानं निवृत्त व्हायला याहून चांगलं निमित्त नव्हतं. किरायनं त्याऐवजी माइक लॅम्बर्टला जोडीला घेतलं. लॅम्बर्ट साडेसहा फुटी, १९९६ आणि २०००ला अमेरिकेच्या सहा जणांच्या संघातून ऑलिम्पिक खेळून वाळूत आलेला. नेटवर त्याचा ब्लॉक, मागे किरायचा बचाव. २००५मध्ये हंटिंग्टन बीचला किरायनं आपलं १४८वं विजेतेपद जिंकलं तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. २००७मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो खेळातून निवृत्त झाला.

गुडघे आणि घोटे इतकी वर्षं टिकले याचं श्रेय वाळूलाही आहे. ती उडी खाते, पण खाली उतरताना सांध्यांना बसणारा मारही खाते. अमेरिकेतले अनेक खेळाडू आतला खेळ सोडून तिशीत वाळूत उतरले त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रशिक्षक म्हणून तो परत आत आला. आधी मुलांच्या शाळेचा संघ, मग २००९पासून ह्यू मकचन यांचा साहाय्यक म्हणून अमेरिकेचा महिला संघ. लंडन २०१२च्या रौप्यानंतर तो मुख्य प्रशिक्षक झाला. महिला संघाला जागतिक अजिंक्यपद कधीच मिळालं नव्हतं, ते २०१४मध्ये मिळालं. रिओत कांस्य मिळालं. आणि ऑगस्ट २०२१मध्ये टोकियोत, अंतिम सामन्यात ब्राझीलला ३-० नमवून, अमेरिकेच्या महिलांनी व्हॉलीबॉलमधलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. पॅरिसला २०२४मध्ये इटलीपुढे त्या हरल्या आणि रौप्यावर थांबल्या.

दोघांचा स्वागत-पट जसाच्या तसा आज सहसा कुठला संघ वापरत नाही. उडी मारून मारलेल्या सर्व्हिसचा वेग वाढला तसा तिसरा माणूस परत आणावा लागला, आणि १९९८मध्ये लिबेरो, म्हणजे फक्त मागे राहून सर्व्हिस उचलणारा आणि बचाव करणारा खेळाडू, आला. पण थोड्या, तरबेज लोकांनी सर्व्हिस उचलायची आणि बाकीच्यांनी मोकळं राहायचं, हे बील यांचं सूत्र जगभर पक्कं झालं आहे. आपल्याकडच्या आंतरशालेय सामन्यातही तिघंच मागे उभे दिसतात आणि उंच मुलगा नेटला चिकटून राहतो. लिबेरोची रंगीत जर्सी घालून सर्व्हिस उचलणाऱ्या बुटक्या मुलाची जागा ज्या विचारातून निघाली, त्याचं एक मूळ कॅलिफोर्नियाच्या वाळूत आहे असं मला वाटतं.

किरायसारखा प्रवास पुन्हा होणं मात्र अवघड दिसतं. केरी वॉल्श २०००च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये सहा जणांच्या संघातून खेळली आणि मग मिस्टी मे हिच्याबरोबर बीचची लागोपाठ तीन सुवर्णं जिंकली. आतलं सुवर्ण तिच्याकडे नाही. अमेरिकेत २०१६पासून महिलांच्या बीच व्हॉलीबॉलची स्वतंत्र महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा भरते, म्हणजे बऱ्याच मुली अठराव्या वर्षीच एक खेळ निवडून दुसरा सोडतात. दोन्हीकडचं प्रशिक्षण, दोन्हीकडचं वेळापत्रक इतकं भरगच्च झालं आहे, की हिवाळ्यात रावेन्ना आणि उन्हाळ्यात कॅलिफोर्निया असं जगणं आता कोणाला परवडणार नाही.

किरायनं २०२४च्या अखेरीस महिला संघ सोडून अमेरिकेच्या पुरुष संघाचं मुख्य प्रशिक्षकपद घेतलं. लक्ष्य २०२८चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा असेल, आणि अमेरिकेच्या पुरुषांना २००८नंतर सुवर्ण मिळालेलं नाही.